घरून काम नवीन आहे? मग कपड्यांचं एवढं तरी ठरवून घ्या

घरून कामाची नोकरी लागली की लोक खुर्ची कुठली घेऊ विचारतात, वायफायचा प्लॅन विचारतात, लाइट गेली तर इन्व्हर्टर किती वेळ टिकेल ते विचारतात. कपड्यांचं कोणी विचारत नाही, कारण घरीच तर बसायचंय, कोण बघतंय. पहिला महिनाभर काही जाणवत पण नाही, उलट मजा वाटते. मग हळूहळू असं व्हायला लागतं की सकाळी साडेनऊला लॉगिन केलंय पण डोकं साडेअकराला चालू होतंय, आणि रात्री दहाला पण लॅपटॉप मांडीवरच आहे आणि काम संपलं की नाही संपलं तेच कळत नाहीये. यात कपड्यांचा वाटा असतो, सगळा नाही पण असतो, आणि सुधारायला हा भाग सगळ्यात स्वस्त आहे म्हणून आधी हाच घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरात फॉर्मल घालून बसायची काही गरज नाही. इस्त्रीची पँट, बेल्ट, इन केलेला शर्ट असं घालून डायनिंग टेबलवर बसणारे लोक मला तरी फक्त व्हिडिओतच दिसलेत. फरक पडतो तो बदलण्याने, सकाळी काम सुरू करायच्या आधी एकदा आणि संपल्यावर परत एकदा. खालचं सगळं त्याच्याच आजूबाजूचं आहे.

१. झोपायचे कपडे आधी बाजूला काढा

हे सगळ्यात पहिलं, आणि बाकी काही जमलं नाही तरी हे कराच. ज्या कपड्यात झोपलात त्या कपड्यात लॉगिन करायचं नाही. वाचायला सोपं वाटतं पण आपल्याकडे घरातले कपडे आणि झोपायचे कपडे हे बहुतेक घरांत एकच असतात, तोच गाऊन, तीच बर्मुडा, तोच कॉलेजच्या फेस्टचा रंग उडालेला टीशर्ट. म्हणून कपाट उघडा आणि दोन ढीग करा. एक फक्त झोपायचा, त्यात दोन-तीन जोड पुरे. दुसरा दिवसा घरात घालायचा. गळा सैल झालेले, काखेत उसवलेले, हळदीचे डाग पडलेले सगळे पहिल्या ढिगात जातील, आणि कदाचित दुसऱ्या ढिगात काही उरणारच नाही. उरलं नाही तर घाबरू नका, लगेच खरेदीला पण पळू नका. ऑफिसला किंवा कॉलेजला घालत होतात त्यातलेच मऊ झालेले कुर्ते आणि शर्ट काढा, ते तसेही कपाटात पडून पडून पिवळे पडणार आहेत.

अंघोळीचं पण इथेच. आंघोळ करून कपडे बदलायचे आणि मग बसायचं, हा क्रम मोडला की आंघोळ दुपारी दोनला ढकलली जाते आणि एकदा ती दुपारवर गेली की अख्खा दिवस पारोसा जातो. तुमच्याकडे पाणी सकाळी ठरावीक वेळेलाच येत असेल तर हे आपोआप होईल, चोवीस तास पाणी असलेल्यांनाच जास्त सांगावं लागतं.

२. नोंद ठेवा, पण आठवडाभरच

एका कागदावर रोज एक ओळ. काय घातलं होतं, किती वाजता खरं काम सुरू झालं (लॉगिन नाही, खरं काम), आणि दुपारी किती वेळा जाऊन आडवे झालात. बस. याचं एक्सेल करू नका, ॲप शोधू नका, कारण ते करण्यातच दुपार जाईल. आठवड्याने बघितलं की तुमचं तुम्हालाच दिसतं. काही जणांना काहीच फरक पडत नाही, ते लुंगी-बनियनवर पण उत्तम कोड लिहितात, आणि असे असाल तर तुम्ही थेट कॅमेऱ्याच्या भागावर जा. बहुतेकांना मात्र दुपारी जेवणानंतर फरक दिसतो. नाइट पँट घातली असेल तर पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणून गेलेला माणूस पाऊण तासाने उठतो, आणि कडक नसला तरी बाहेरचा म्हणता येईल असा कुर्ता घातला असेल तर तो चुरगळेल म्हणून का होईना माणूस आडवा व्हायला जरा थांबतो.

३. संशोधनाचं काय

तुम्ही हा विषय शोधलात की पांढऱ्या कोटाचा प्रयोग समोर येतोच, म्हणून तो काय आहे तेवढं माहीत असू द्या. २०१२ मध्ये हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या दोन संशोधकांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर केलेला तो प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना लॅबमधला पांढरा कोट घालायला दिला, काही आपल्याच कपड्यांत, आणि सगळ्यांना लक्ष लागतंय का ते बघणारी चाचणी दिली, म्हणजे निळ्या शाईत ‘लाल’ लिहिलंय तर शाईचा रंग सांगा वगैरे. कोटवाल्यांच्या अवघड प्रश्नांवरच्या चुका जवळपास निम्म्या झाल्या. पुढच्या प्रयोगात तसाच कोट काहींना डॉक्टरचा म्हणून दिला आणि काहींना रंगाऱ्याचा म्हणून, तर डॉक्टरचा समजून घालणाऱ्यांचं लक्ष जास्त लागलं. भारी वाटतं ना? पण पहिल्या प्रयोगात माणसं होती ५८, आणि २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग परत केला तेव्हा तो परिणाम काही मिळाला नाही. म्हणून ब्लेझर घातला की चुका निम्म्या होतात असं कोणी रीलमध्ये सांगितलं तर ऐका आणि सोडून द्या.

नंतर खास घरून काम करणाऱ्यांवर पण एक अभ्यास झाला, त्यात हेच गॅलिन्स्की होते, आणि त्यात घरातले साधे कपडे घालणाऱ्यांना उलट जास्त मोकळं वाटलं आणि कामात जास्त गुंतल्यासारखं वाटलं. वर शर्ट आणि खाली पायजमा हा जो आपला लाडका प्रकार आहे त्याने असा फायदा दिसला नाही. मला हे पटतं. दिवसभर अंगावर काही टोचत असेल, कंबर आवळत असेल तर निम्मं लक्ष तिकडेच असतं, मग ते कपडे कितीही प्रोफेशनल असू देत.

४. कामाचा एक छोटा कप्पा बनवा

कपाटात एक कप्पा फक्त कामाच्या कपड्यांचा. चार-पाच वरचे आणि दोन-तीन खालचे बास होतात, कारण घरी ट्रॅफिक नाही, धूळ नाही, आणि रोज नवीन दिसायचं टेन्शन तर अजिबातच नाही. तोच निळा कुर्ता सोमवारी आणि गुरुवारी दिसला तर मीटिंगमधल्या कोणालाही कळत नाही, खरंच.

वरच्यासाठी कॉलर किंवा नीट बसणारा गळा असलेलं काहीही. पोलो टीशर्ट, हाफ शर्ट, कॉटनची कुर्ती, मांडरिन म्हणजे उभ्या कॉलरचा शॉर्ट कुर्ता. टीशर्ट घेत असाल तर ऑनलाइन पानावर जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) लिहिलेलं असतं ते बघा, १८० च्या आसपासचं कापड नीट अंगावर राहतं, १४० वालं फार पातळ असतं आणि चार धुण्यात गळा लोंबायला लागतो. खालच्यासाठी इलॅस्टिक किंवा नाडीची कॉटन पँट, पलाझो, सलवार, जॉगर. जीन्स घालून आठ तास घरातल्या खुर्चीवर बसून बघा, जेवल्यावर बटण उघडावंसं वाटतंच, मग कशाला हवी. फक्त एक लक्षात ठेवा की खालचं असं असावं की दारात कुरिअरवाला आला, गॅसवाला आला, किंवा लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर उभं राहायची वेळ आली तर लपावं लागू नये. माझ्या मते कामाच्या कपड्यांची खरी परीक्षा हीच आहे, बेल वाजली की तसेच उठून दार उघडता आलं पाहिजे.

बायकांनी कुर्तीला खिसा आहे का बघा. हे फालतू वाटेल पण दिवसभर कानात एक इयरबड, हातात फोन आणि कुठेतरी ठेवलेलं पेन शोधत फिरण्यात जो वेळ जातो तो खिशाने वाचतो. शिंप्याकडे देऊन जुन्या कुर्तीलाही साइडला खिसा लावून मिळतो, फार पैसे घेत नाहीत.

पायात काहीतरी घाला. घरात चपला चालत नसतील तर मोजे, किंवा फक्त कामाच्या खोलीत वापरायच्या वेगळ्या स्लीपर. अनवाणी फरशीवर डिसेंबरात पुण्या-नाशकात पाय एवढे गार पडतात की दर अर्ध्या तासाने चहा करायला उठलं जातं, आणि मग चहाचं पण एक वेगळं प्रकरण सुरू होतं.

५. तुमच्या गावाची हवा बघून ठरवा

पुण्यातल्या माणसाचा सल्ला चंद्रपुरात चालत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला जातो आणि लाइट गेली की कूलर बंद, तेव्हा पातळ, सैल, फिक्या रंगाचं सुती सोडून दुसरं काही बोलूच नका. कूलरसमोर बसणाऱ्यांनी एक धरून चालावं, कोरड्या हवेत तो मस्त गारवा देतो पण पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर चिकचिक वाढवतो आणि पॉलिस्टरचा टीशर्ट पाठीला चिकटून बसतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचा प्रॉब्लेम उलटा, तिथे कपडे वाळतच नाहीत. जाड जीन्स, हुडी, जाड कॉटन दोन-दोन दिवस दोरीवर लटकतात आणि कुबट वास मारतो, आणि तो वास नाकात घेऊन काम होत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर कप्प्यात दोन-तीन जोड जास्तीचे ठेवा आणि पातळ, लवकर वाळणारे ठेवा, थोडं मिश्र कापड असलं तरी चालेल. आणि थंडीत गोधडी अंगावर घेऊन खुर्चीवर बसायचं नाही, ती मग पलंगापर्यंत नेते. स्वेटर घाला.

६. कॅमेरा

कॅमेऱ्यासमोरच्या कपड्यांवरून २०२० मध्ये कोर्टात पण किस्से झाले. एप्रिलमध्ये राजस्थान हायकोर्टात एक वकील व्हिडिओवर बनियनमध्ये आले आणि जामिनाची सुनावणी पुढे ढकलली गेली. जूनमध्ये सुप्रीम कोर्टात एक वकील टीशर्ट घालून पलंगावर पडून हजर झाले, माफी मागावी लागली. पण त्याच्या आधीच, मे महिन्यात, शरद बोबडे सरन्यायाधीश असताना (ते आपल्या नागपूरचे) सुप्रीम कोर्टाने व्हिडिओ सुनावणीपुरतं वकिलांना काळा कोट आणि गाऊन न घालण्याची मुभा दिली होती. पांढरा शर्ट, किंवा पांढरी सलवार-कमीज, किंवा पांढरी साडी आणि गळ्याला पांढरा बँड एवढंच पुरे. कारण कोरोनाच्या संसर्गाचं होतं, पण बघा, देशाच्या सर्वोच्च कोर्टाचं काम कोटाशिवाय चाललं, तुमचं स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) पण चालेल. फक्त बनियन नको.

आता प्रॅक्टिकल. बारीक रेघा आणि बारीक चौकडी वेबकॅमवर थरथरते, लहरी उठल्यासारख्या दिसतात, त्यामुळे प्लेन किंवा मोठं डिझाइन बरं. पांढराशुभ्र शर्ट घातला तर कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो, त्यापेक्षा आकाशी, मोतिया, फिकट हिरवा असलं काहीतरी. मागे खोटं बॅकग्राउंड लावत असाल तर भिंतीच्या रंगाचा कपडा घालू नका, सॉफ्टवेअर खांदा खाऊन टाकतं आणि मुंडकं हवेत तरंगतं. दागिन्यांचं कोणी सांगत नाही पण माइक सगळं ऐकतो. काचेच्या बांगड्या टेबलावर आपटतात तो आवाज हेडफोन घातलेल्या समोरच्याच्या थेट कानात जातो. लांब मंगळसूत्र इयरफोनच्या वायरीवरच्या माइकला घासतं, त्याची खरखर होते आणि तुम्हाला वाटतं नेटवर्क खराब आहे. पंख्याखाली ओढणी उडून माइकवर येते. त्यामुळे मीटिंगपुरती बांगडी वर सरकवा, ओढणी पिन करा किंवा काढून ठेवा.

वर शर्ट खाली चड्डी करायची असेल तर करा, मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉलमार्टने पण सांगितलं होतं की वरचे कपडे जास्त खपतायत, खालचे नाही. पण चार्जर काढायला उठायच्या आधी कॅमेरा बंद करा, एवढंच.

७. घरातल्यांना कळू द्या की तुम्ही कामावर आहात

मला विचाराल तर कपड्यांचा खरा उपयोग इथेच आहे, आणि परदेशी लेखांत हे सापडत नाही कारण तिथले बरेच लोक एकटे नाहीतर दोघं राहतात. आपल्याकडे वन बीएचके मध्ये सासू, सासरे, दोन पोरं आणि आठवडाभरासाठी आलेली आत्या असते, आणि वेगळी खोली नसते. दार नसेल तर कपडा हेच दार. तुम्ही गाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन बसलात की घरातल्यांच्या डोळ्यांना तुम्ही घरीच आहात, मग अगं जरा कुकर बघ, जरा पार्सल घे, जरा मावशींना फोन लावून दे सुरू होतं, आणि त्यांची चूक नसते हो, त्यांना जे दिसतं त्यावरून ते बोलतात. गाऊनवर ओढणी घेतली की दारात जाता येतं हा आपला जुना नियम, पण त्याने ऑफिस होत नाही. तेच तुम्ही कुर्ती-पँट घालून, केस बांधून, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड अडकवून बसलात तर हाक मारणारा माणूस एकदा थांबतो. आयकार्डची आयडिया ऐकून हसाल, पण लहान मुलांवर ती जबरदस्त चालते, आईच्या गळ्यात पट्टा आहे म्हणजे आई ऑफिसात आहे हे तीन-चार वर्षांच्या पोरालाही समजतं. पट्टा काढला की आई सुटली. एवढं मात्र पाळा की सुटल्यावर तो खरंच काढा, नाहीतर पोरं त्याला विचारेनाशी होतात.

हे आपोआप होत नाही, एकदा तोंडाने सांगावं लागतं. भांडणाच्या सुरात नको. आई, मी हे कपडे घातले की साडेसहापर्यंत मला ऑफिसलाच गेलेय समजा, मध्ये दीडला जेवायला येते. असं. सासूबाईंना हे पचायला वेळ लागतो, महिनाभर तर लागतोच, कारण त्यांच्या हिशोबात चांगले कपडे म्हणजे बाहेर जाणं. पुरुषांना हे सगळं फारसं लागत नाही कारण त्यांनी चड्डीवर लॅपटॉप उघडला तरी घरात सगळे हळू बोलतात, त्याचं काम चालू आहे म्हणून. ह्यावर वेगळं लिहायला पाहिजे, इथे नको.

घरच्यांपासून लांब पीजीत किंवा फ्लॅटवर राहत असाल तर तुमचा हाच इशारा रूममेटसाठी. तो मॅच बघतोय आणि तुम्ही त्याच्यासारख्याच बर्मुडात बाजूला बसलात की दहा मिनिटांत तुम्हीही मॅच बघताय.

८. नाइट शिफ्टवाल्यांसाठी वेगळं

अमेरिकन क्लायंट असेल तर न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, त्यांचं घड्याळ हिवाळ्यात मागे गेलं की साडेसात. म्हणजे अख्खं घर नाइट ड्रेसमध्ये येतं तेव्हा तुमचा दिवस सुरू होतो. तुमच्यासाठी बदलणं दिवसवाल्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं, कारण अंधार झालाय, सगळे जांभया देतायत आणि तुम्ही पण झोपायच्याच कपड्यात असाल तर शरीर काय समजणार. संध्याकाळी तोंड धुवा, बाहेर जायचे वाटतील असे कपडे घाला, जमलं तर एक चक्कर खाली मारून या आणि मग बसा. पहाटे संपलं की आधी झोपायचे कपडे, मग फोन बघणं. उलटं केलंत तर त्याच कपड्यात फोन बघत उजाडतं.

९. संध्याकाळचं बदलणं विसरू नका

सकाळचं सगळे करतात, संध्याकाळचं कोणी करत नाही. लॉगआउट केलं, लॅपटॉप मिटला, की पाच मिनिटांत कामाचे कपडे काढा, हातपाय धुवा, घरातले घाला. पूर्वी ऑफिसहून आलेला माणूस हेच करायचा, शर्ट खुंटीला आणि तोंडावर पाणी, त्यानंतर त्याला कोणी फाइल दाखवत नव्हतं. कामाच्या कपड्यात सोफ्यावर बसलात की अजून एक मेल बघतो होतं आणि त्या एकाचे सात होतात. काढलेले कपडे घामट झाले नसतील तर धुवायला टाकू नका, खुंटीला अडकवा, दुसऱ्या दिवशी चालतात. इस्त्रीचं पण फार मनावर घेऊ नका, कुर्ते धुऊन झटकून हँगरवर वाळवले की अर्ध्याअधिक सुरकुत्या जातात, क्लायंट कॉलसाठी दोन इस्त्री केलेले बाजूला ठेवले म्हणजे झालं.

१०. नियम कधी सोडायचा

ताप आहे, पाळीचा पहिला दिवस आहे, बाळ दोन महिन्यांचं आहे, रात्रभर सर्व्हर डाऊन होता, अशा दिवशी जे अंगावर आहे त्यात काम करा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फीडिंग करणाऱ्या आयांनी तर पुढे चेन किंवा बटणं असलेले कुर्तेच कामाच्या कप्प्यात ठेवावेत, त्यात मीटिंग पण होते आणि बाळ पण. आठवड्यात एखादा दिवस मीटिंगच नाहीत, फक्त डोकं घालून लिहायचंय किंवा कोड करायचाय, तर सगळ्यात मऊ, सगळ्यात जुनं घाला, फक्त ते रात्री घालून झोपलेलं नको.

आणि शेवटचं, कंपनी कधीतरी बोलावतेच, महिन्यातून दोनदा या म्हणून मेल येतो. इलॅस्टिकच्या पँटला पोट किती वाढलं ते कळत नाही, ते फॉर्मल पँटला कळतं, आणि ते ऑफिसला निघायच्या सकाळी सव्वासातला कळलं तर काही उपाय नसतो. म्हणून दर महिन्याला एकदा फॉर्मल पँट, ब्लाउज, शर्ट, जे लागणार असेल ते घालून आरशासमोर बसून बघा, नुसतं उभं राहून नाही, बसून. घट्ट झालं असेल तर शिंप्याकडे द्या, शिवणीत कापड ठेवलेलं असेल तर इंच-दीड इंच उसवून मिळतं, आणि दिवाळीच्या आधी देत असाल तर पंधरा दिवस हातात ठेवून द्या, तेव्हा शिंपी कोणाचं ऐकत नाहीत.